खडाखडीत जे कळतं

कराड

चि. सईस,


हॉस्टेलमधल्या तुमच्या वादाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. शाळेपासून तू कराटे केलंस, ब्लॅक बेल्ट मिळवलास. तुझी रूममेट बॉक्सिंग करते आणि म्हणते की रस्त्यावर कराटेचा काडीचा उपयोग नाही. तिसरी म्हणते, कुस्तीच खरी, बाकीचं सगळं दाखवायचं. आणि तू मला विचारलंस, "आत्या, खरंच कुणी अंगावर आलं तर यातलं काय कामाला येतं?"

पोरांच्या गप्पांतला म्हणून हा प्रश्न मी सोडून देणार नाही. लायब्ररी बंद झाल्यावर तू एकटी परततेस, त्या वाटेवरचा हा प्रश्न आहे. मी जन्मभर शाळेच्या मैदानावर मुलामुलींना पळवलं, ज्युदो शिकले, शिकवला, आणि त्याआधी पैलवानाच्या घरात वाढले. तेव्हा मला जे ठामपणे वाटतं ते आधीच सांगते. कला कुठली, ही पुढची गोष्ट. रोजच्या सरावात समोरचा माणूस तुला खरोखर अडवतो का, तुझा डाव हाणून पाडायला जीव तोडतो का, हे आधी बघायचं. जिथे तो अडवतो तिथली विद्या अंगात मुरते. जिथे तो ठरल्याप्रमाणे पडतो तिथली विद्या गणवेशाबरोबर खुंटीला टांगली जाते.

तुझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, ज्या तालमीत जायचे तिथे आम्हा मुलींना आत पाऊल टाकायची सोय नव्हती. मी दारातून बघायचे. पहाटेचा अंधार, जोर-बैठकांचे हुंकार, ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास. वस्ताद एखादा डाव एकदा दाखवायचे, फार तर दोनदा. त्यानंतर जोड्या हौद्यात उतरायच्या आणि तोच डाव फसत राहायचा. पट काढायला, म्हणजे पाय धरायला, वाकलं की समोरचा पाय मागे टाकून मानेवर सगळा भार देणार. ढाक लावायला गेलं की तो कंबर खाली घेणार. आठवडेच्या आठवडे फसल्यावर एखाद्या दिवशी डाव बसायचा, आणि मग तो सहसा विसरायचा नाही. आबा म्हणायचे, "डाव येतोय म्हणून कोण पडत न्हाई. समूरचा नको म्हणत असताना बसला, तर त्यो डाव."

त्यातही खडाखडी बघायला मला फार आवडायचं. यात्रेच्या मैदानात लोक त्याच वेळी कंटाळतात, "अरे लाव की कुस्ती!" म्हणून ओरडतात. दोघं उभ्यानं मान ओढून बघतायत, मनगट झटकतायत, पुढचा पाय चाचपतायत, बाकी काहीच घडत नाहीये असं त्यांना वाटतं. खरं तर सगळं तिथेच ठरत असतं. समोरच्याचा तोल कुठल्या पायावर आहे, तो ढकलणार की ओढणार, हे डोळ्यांच्या आधी हाताला कळायला लागतं. आणि कुणी मानेवर हात टाकला, मनगट आवळलं, तरी छाती धडधडत नाही, कारण हे रोजचंच असतं. अंगावर आलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? धरतो. कॉलर, दंड, केस, ओढणी. धरल्यावर ज्याचं डोकं थंड राहतं त्याच्या हाती पुढचं काही करायला वेळ उरतो.

साखर कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टरवाल्यांची जुंपलेली किंवा एस.टी. स्टँडवरची मारामारी तूही बघितली असशील. चित्रपटातल्यासारखे लांबून ठोसे आणि उंच लाथा तिथे क्वचितच दिसतात. शिवी, धक्का, एखादा वाकडातिकडा बुक्का, आणि दुसऱ्या क्षणाला दोघं एकमेकांना गच्च धरून चिखलात. तुझ्या कराटेच्या वर्गात त्या गच्च धरण्याचा सराव किती झाला, हे तूच आठवून बघ. काता उत्तम, हवेतला ठोसा उत्तम. कुमितेच्या लढतीत गुण मिळाला की पंच दोघांना सोडवतात. स्टँडवर सोडवायला कुणी येत नाही.

म्हणून कराटे टाकून दे, असं मी म्हणणार नाही. त्यातलं अंतराचं भान फार मोलाचं आहे, समोरचा हाताच्या टप्प्यात यायच्या आत बाजूला सरकण्याची सवय मोलाची आहे. पोटातून निघणारी ती आरोळीसुद्धा. ती कधी विसरू नकोस, कारण आपल्या मुलींना ओरडायची लाज वाटायला लावलेली असते. डोक्यापर्यंत जाणारी लाथ मात्र स्पर्धेपुरती ठेव. जीन्स घातलेली, पाठीवर सॅक, पावसानं ओली झालेली फरशी, आणि एका पायावर उभी तू, हे गणित मला पटत नाही. नडगीवर किंवा गुडघ्यावर मारलेली खालची सरळ लाथ साधी असते, पण तोल जात नाही. तुझ्या रूममेटलाही सांग की तिची बॉक्सिंग खणखणीत आहे, कारण तिथे तोंडावर खरे ठोसे बसतात आणि ते खाऊनही डोळे उघडे ठेवायला शिकवतात. फक्त हातमोजे काढले की मूठ आणि कवटी यांच्या टकरीत पुष्कळदा मूठच मोडते.

समोरच्यानं अडवण्याची ही गोष्ट जगात एका माणसानं फार नीट ओळखली होती. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान काढलं आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. जुन्या शाळांकडे हाडं मोडणारे, जीव घेणारे डाव होते, पण पूर्ण ताकदीनं ते कुणावर करून बघणार? सरावाला जोडीदार उरायचा नाही. कानोंनी असे डाव ठरीव सरावापुरते बाजूला ठेवले आणि उरलेल्यांची रोज मोकळी झोंबी लावली. जीवघेणा म्हणवणारा पण हवेतच घोटलेला डाव एका बाजूला, आणि साधा पण रोज विरोधात वापरलेला डाव दुसऱ्या बाजूला. दुसरा जिंकतो. आमच्या तालमींना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढे १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा जगानं हेच टीव्हीवर बघितलं. वेगवेगळ्या कलांचे लोक एका पिंजऱ्यात, आणि ब्राझीलचा हडकुळा वाटणारा रॉयस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकून गेला. ज्यांना कधी कुणी धरून खाली पाडलं नव्हतं, त्यांचे हातपाय जमिनीवर चालेनात. त्यांच्या कलेत दम नव्हता असं नाही, त्या जागेचा सरावच त्यांना नव्हता. तोही सामना शेवटी एकास एक, मऊ जमिनीवर, पंचासमोर होता, हे मात्र ध्यानात ठेव.

आता आपल्या भागाकडे येते, कारण या बाबतीत सातारा-सांगलीला अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे. इथून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर. तिथले खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकलेले, मातीत वाढलेले. १९४८ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटही नवं आणि नियमही नवे, तरी सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदकाइतकीच मला त्यांची तिथली जपानच्या शोहाची इशीईशी झालेली लढत महत्त्वाची वाटते. इशीई मुळात ज्युदोचे. युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली आणि ते कुस्तीकडे वळले. म्हणजे कराडची माती आणि जपानचा ज्युदो एका मॅटवर भिडले होते. इशीई जिंकले, सुवर्णपदकही त्यांनीच नेलं. ती लढत लांबली आणि खाशाबांना पुरेशी विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं. खरी झुंज दमलेल्या अंगावरच येते. १९५५ला खाशाबा पोलिसात सबइन्स्पेक्टर झाले आणि निवृत्तीपर्यंत त्याच खात्यात राहिले.

सांगलीच्या बाजूचे दोघं तर तुझ्या बाबांना तोंडपाठ असतील. कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवलं, आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही. पट काढून काढून वाढलेल्या मातीतल्या मल्लाला पायच धरू नको म्हटल्यावर त्याचं निम्मं भांडार गेलं म्हणायचं. तरी ते जिंकले, कारण तोल, पकड आणि दम या गोष्टी नियम बदलले तरी जात नाहीत. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या चार पदकांत आहे.

कुस्तीचं एवढं कौतुक केल्यावर तिच्यात काय कमी पडतं तेही सांगायला हवं, कारण तिसरी मैत्रीण म्हणते तसं 'कुस्तीच खरी' मानून कुणी बेसावध राहू नये. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून पैलवानाला सवय असते पोटावर पालथं पडून राहायची. मातीत ती सुरक्षित जागा. रस्त्यावर पालथं पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ बसते. डांबरावर दुहेरी पट काढायला गुडघा टेकवला तर आधी गुडघा फुटेल. समोरच्याला चीत केलंस आणि त्याचा मित्र मागे उभा असेल, तर वर बसलेली तूच अडकलीस. आणि त्याच्या हातात चाकू असेल तर अंगाला भिडणं म्हणजे चाकूलाच भिडणं. एकमेकांच्या सांध्यांना कुलूप घालणारी विद्याही आपल्या तालमीत फारशी नाही. पैलवानांच्या फोगट घराण्यातली रितू कुस्ती सोडून मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये गेली आणि पटावर पट काढून पुष्कळ लढती जिंकली. २०२१च्या डिसेंबरात मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिनं थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सला खाली घेतलंही, पण स्टॅम्पनं खालून तिचा हात पकडून कोपराला असा ताण दिला की रितूला हार मानावी लागली. स्टॅम्प मूळची लाथाबुक्क्यांची, मुए थाईची. तिनं जमिनीवरचं शिकून घेतलं होतं.

वजनाचंही स्पष्ट बोलू या. कुस्तीत, बॉक्सिंगमध्ये, ज्युदोत वजनगट असतात, कारण वजनानं फरक पडतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. ऐंशी किलोच्या पुरुषाला पन्नास किलोच्या मुलीनं लोळवलं, अशा चित्रफिती तू बघतेस. त्यातला पुरुष बहुधा तिचाच जोडीदार असतो. तुला त्याला लोळवायचं नाही. तुला सुटायचं आहे. सुटायला लागणारी ताकद आणि हरवायला लागणारी ताकद यांत फार अंतर आहे, आणि सुटणं शिकता येतं.

हे सगळं ज्या एका लढतीत एकत्र दिसतं ती आमच्याच जिल्ह्यातली. प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९, शिवाजी महाराज आणि अफझलखान. २०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा मी दोनदा जाऊन बघितली. ती नेमकी महाराजांचीच आहेत असा दावा ते म्युझियमही करत नाही, पण तिथे उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. सगळ्यांची नजर त्या पोलादी नखांवर खिळलेली. मला त्यांना सांगावंसं वाटत होतं, पोरांनो, नखं शेवटची आली, त्याआधीचं बघा.

बखरींत तपशिलाचे फरक आहेत, पण गाभा सगळीकडे सारखा. जागा महाराजांनी निवडली, गडाच्या पायथ्याची, भोवती जावळीचं रान आणि रानात दबा धरलेलं सैन्य. अंगरख्याखाली चिलखत, जिरेटोपाखाली लोखंडी टोप. दोन्ही बाजूंना मोजकेच अंगरक्षक, हे आधी ठरवून घेतलं. शामियान्यात खानाजवळ त्याचा अंगरक्षक सय्यद बंडा उभा दिसला, तर त्याला लांब करायला लावलं आणि मगच पुढे झाले. इतकं सगळं पहिला हात उचलायच्या आधी. मग खानानं आलिंगनाच्या निमित्तानं मान बगलेत दाबली आणि कट्यारीचा वार केला. उंच, धिप्पाड माणूस, बगलेतली मान, हातात शस्त्र. या पकडीतून डावानं सुटायचं तर किती अवघड आहे, हे मला ज्युदोच्या मॅटवर कळलं आहे. वार चिलखतावर अडला, त्या एका क्षणात वाघनखं आणि बिचवा चालले. पुढे सय्यद बंडा धावून आला, तो महाराजांच्या सोबतच्या जिवा महालानं वाटेतच कापला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण गावोगाव आहे ती त्यामुळे. शस्त्र चालवायच्या बाबतीत महाराज किती तरबेज होते हे वेगळं सांगायला नको. तरीही एकट्याच्या कसबावर ते गेले नाहीत. जागा, आडोसा, सोबत, आणि परतायची वाट, हे आधी. हात नंतर.

तुझ्या लायब्ररीच्या वाटेवर हेच लावून बघ. उजेडाचा रस्ता कुठला, उघडं मेडिकल कुठे आहे, सोबत कोण येऊ शकतं, कानात इअरफोन आहेत का. खडाखडी इथेच सुरू होते, कुणी अंगाला हात लावायच्या कितीतरी आधी.

पळण्याबद्दल मुलांच्या मनात जो कमीपणा असतो तो तू मनातून काढून टाक. सांगलीत वाढलीस, २४ जुलै १९४३ हा दिवस तुला माहीत असायला हवा. स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती त्या दिवशी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात गोळीबार झाला, दादांच्या खांद्यात गोळी शिरली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी प्राण गमावले. त्यांना कुणी भ्याड म्हटलं नाही, कुणाची हिंमतही व्हायची नाही. शंभर मीटर जोरात पळता येणं, पाच फुटांची भिंत चढता येणं, हे मी कुठल्याही बेल्टच्या वर ठेवते. मल्लखांब केलेल्या मुलीला भिंत अडवत नाही, म्हणून मी शाळेत मल्लखांबावर इतकी अडून बसायचे.

मर्दानी खेळाचं तू विचारलं होतंस. दांडपट्टा फिरताना बघून अंगावर काटा येतो, आणि त्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण आज बहुतेक ठिकाणी तो मिरवणुकीत, ठरलेल्या हातांनी होतो. त्यातली लाठी मात्र शिक, आणि समोर कुणीतरी खरोखर लाठी हाणणारा असेल अशा ठिकाणी शिक. छत्री किंवा काठी हातात असताना समोरच्याला लांब ठेवता येणं ही कामाची गोष्ट आहे.

एका दुपारच्या शिबिरात 'चाकू हिसकावून घ्या' शिकवतात, त्यांच्यावर मात्र माझा राग आहे. जोडीदार सरळ रेषेत हात पुढे करून थांबतो, मुलगी त्याचं मनगट वळवते, सगळे टाळ्या वाजवतात. खरा चाकू थांबत नाही, पुन्हापुन्हा येतो. अशा मुलीला घरी जाताना आपल्याला काहीतरी येतं असं वाटतं, आणि तेच तिला पळायचा क्षण घालवायला लावतं. चाकू दिसला की पाकीट फेक, मोबाइल फेक, मध्ये गाडी, टेबल, जे मिळेल ते आण आणि पळ.

आणखी एक, बाई म्हणून बाईला सांगते. अनोळखी माणूस अंधारातून येतो हे चित्र आपण मनात धरून बसतो. इतक्या वर्षांत मुली माझ्याजवळ येऊन ज्या गोष्टी सांगत गेल्या, त्यात ओळखीचेच बरेच होते. नात्यातला, क्लासमधला, शेजारचा. तिथे अडचण डावाची नसते, 'याच्यावर हात कसा उचलू' याची असते. उचल. कायदा तुझ्या बाजूला आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क सांगतात. बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा ॲसिड हल्ल्याच्या वेळी तो हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा मात्र करायची नाही. धोका टळल्यावर, तो पळत असताना मागे धावून मारणं बचावात बसत नाही. मदतीचा ११२ नंबर बोटाशी ठेव.

आता तुझ्यापुरतं. कराटे चालू ठेव, पण आठवड्यातून तीन दिवस ज्युदोला किंवा कुस्तीला जा. तुझ्या पुण्यात दोन्ही मिळेल. जागा निवडताना भिंतीवरच्या पदकांकडे बघू नकोस, अर्धा तास कोपऱ्यात बसून सराव बघ. तुझ्याहून जड मुलीशी मोकळी झोंबी लावतात का, नवख्यांना सांभाळून घेतात का, पडायला आधी शिकवतात का. पहिले दोन महिने डावांचा हट्ट नको. नीट पडणं, पकड तोडणं, खाली गेलीस तर उठून उभं राहणं, एवढंच. हे तिन्ही थकल्यावरही जमायला लागलं की मला फोन कर.

दिवाळीत सांगलीला येशीलच, तेव्हा माझ्याकडे चार दिवस काढ. २०२३च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, तेव्हापासून इकडच्या मुलींच्या तालमींत गर्दी वाढली आहे. माझ्या ओळखीच्या एका तालमीत सकाळी मुलीच असतात, मी वस्तादांशी बोलून ठेवलं आहे. तुझ्या वजनाची एक जोडीदारीण आहे. बारावीत आहे, पण मान लोखंडासारखी, आणि ती तुला सहज सोडणार नाही. जुनी ट्रॅकपँट आण, माती जात नाही. नखं कापून ये. कानातलं काढून ठेव. तुझ्या बाबांना मी सांगितलंय, त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलंय, त्यामुळे तिकडची काळजी करू नकोस.

तुझी,
आत्या